आधी मोठ्यानं वाच, मग विकत घे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नाशिकला सिडकोतल्या बालवाडीत ३ ते ५ वर्षांची १५ मुलं, रोज १० मिनिटं गोष्ट आणि पुस्तकांसाठी २ हजार रुपये, असं तू कळवलंस. एवढ्या पैशांत स्वस्तातली ढीगभर पुस्तकं येतील, पण ती आणू नकोस. पारखून १०-१२ घे. या वयाच्या मुलांना तेच पुस्तक आठवडाभर चालतं. तिसऱ्या दिवशी ती तुझ्याआधी पुढचं वाक्य म्हणतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

मेनरोडच्या दुकानात गेलीस की पुस्तक उघडून पहिली ४ पानं खरंच आवाज काढून वाच. लाजू नकोस. ‘तिने तिच्या हाताने तिचा चेंडू उचलला व ती आनंदी झाली’, असं आपण घरात कुणी बोलतो का? असं वाक्य डोळ्यांना खटकत नाही, जिभेला लगेच खटकतं. ‘तिनं चेंडू उचलला आणि टुणकन उडीच मारली’ हे वाचताना आवाज आपोआप उडी मारतो. भाषांतरित पुस्तकांत हा घोळ जास्त होतो. चांगली भाषांतरंही पुष्कळ आहेत, म्हणून मुखपृष्ठावरून ठरवू नकोस. ओढूनताणून यमक जुळवलेली पुस्तकं मात्र सरळ बाजूला ठेव.

मग चित्रं. समज, डाव्या पानावर एवढंच आहे: ‘मनी कुठेच दिसेना.’ उजवीकडे आजी कपाटात डोकं घालून शोधतेय आणि कॉटखालून शेपटीचं टोक तेवढं बाहेर आलंय. शेपटीबद्दल शब्दांत अवाक्षर नाही. आता मुलं ओरडणारच, ‘ती बघ, ती बघ!’ तेच खाली ‘मनी कॉटखाली लपली होती’ असं छापलं असतं, तर मुलांना शोधायला काही उरलंच नसतं. म्हणून एकदा शब्द झाकून नुसती चित्रं बघ, मग चित्रं झाकून शब्द वाच. दोन्हीकडे तेच कळत असेल तर पुस्तक परत ठेव. आणि मनी सापडते ती पान उलटल्यावरच ना, हेही बघ. समोरच्याच पानावर ती दिसत असेल तर शोधण्यातली हवाच जाते.

तुझ्यासमोर १५ मुलं असणार, तेव्हा पुस्तक काउंटरवर उभं धरायला सांग आणि ६ फूट मागे सरक. मनीचे डोळे दिसले पाहिजेत. फिकट, बारीक रेघांची चित्रं मांडीवरच्या एकट्या मुलासाठी ठीक, घोळक्यासाठी नाहीत. पाठीला गोंदानं चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडत नाही, दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग खाचेत जातो. मधोमध पिना मारलेलं पुस्तक छान उघडतं. फार चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते, कडेच्या मुलांना नुसता पांढरा पट्टा दिसतो.

तीन वर्षांच्यांना पानाला १-२ ओळी पुरतात, पाच वर्षांच्यांना ४-५. एकूण १६ ते २४ पानं. तुझं वाचन ५-६ मिनिटांत संपलं पाहिजे; उरलेला वेळ मुलांच्या बोलण्याचा आहे. शेवटी ‘म्हणून मुलांनो, नेहमी खरे बोलावे’ असलं काही चिकटवलेलं असेल तर ते पुस्तक घेऊ नकोस. तूही दर पानाला ‘हा कोणता रंग?’ विचारत बसू नकोस, गोष्टीचा धागा तुटतो.

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स, या तिघांची मराठी पुस्तकं आधी बघ. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. तिथं पारखून मग छापील प्रत घे. १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच, तिथंही एक दुपार काढ. सिडकोत खानदेशातली घरं पुष्कळ. एखादं मूल ‘आई’च्या जागी ‘माय’ म्हणालं तर सुधारू नकोस, पुढच्या वेळी तूच ‘माय’ वाच.

बसताना खिडकीकडे पाठ करू नकोस, मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो. मुलं सतरंजीवर, तू बुटक्या स्टुलावर. पुस्तक खालून मधोमध धर, म्हणजे अंगठा चित्रावर येत नाही. आणि आणल्याबरोबर पिना उपसून, त्याच घडीवर ३ भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवून टाक. पिना पावसाळ्यात गंजतात, त्यांची टोकं बोटांना लागतात आणि मधलं पान सगळ्यात आधी निसटतं. मनी बहुतेक त्याच पानावर असते.

तुझी,
मावशी