वापरलेली ऑडी टीटी की कर्ज काढून पोर्शे केमन?

भावा, केमनचं इंजिन मधे, त्यामुळे वळणावरचा तिचा तोल वेगळाच, कबूल. पण पहिली कूपे, म्हणजे दोन दारांची स्पोर्टी गाडी, घेत असशील तर २०१५ नंतरची ऑडी टीटी बघ. २.० लिटर टर्बो, २३० पीएस (अश्वशक्ती), चारही चाकांना ताकद. पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात ती चारही चाकांची ताकद किती कामाची, हे मी स्वतः अनुभवलंय.

आणि तिचा सांगाडा स्कोडा ऑक्टाव्हियाच्या घराण्यातला. त्यामुळे शिरोलीकडच्या जाणत्या मेकॅनिकलाही हात घालता येतो.

बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. बॉनेट उघडून वॉटर पंपापाशी टॉर्च मार. गुलाबी, वाळलेली पापडी दिसली की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, गळतंय. माझ्या गाडीत हे मी बघितलं नाही आणि महिन्याभरात पंप बदलावा लागला. गिअरबॉक्सचं तेल दर ६०,००० किमीला बदललंय का, त्याचं बिल माग. नुसत्या शब्दावर जाऊ नकोस.

गाडी कर्नाटक पासिंगची असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव कर.

मागच्या सीटवर मात्र मोठं माणूस बसत नाही. घरच्यांना आधीच सांग.