'सुमडीत कल्टी मारली' आणि 'अंडरग्राउंड झाला' यात फरक काय? ठाण्यात नवीन आहे, दोन्ही ऐकतो.

सुमडीत कल्टी मारणारा कुणाच्या नजरेत न येता तिथून सटकतो, एवढंच. अंडरग्राउंड झालेला मात्र काही दिवस कुणाला सापडतच नाही. 'सुमडीत' म्हणजे गुपचूप, 'कल्टी' म्हणजे पोबारा. वागळे इस्टेटच्या नाक्यावर वर्गणीचं पुस्तक घेऊन पोरं येताना दिसली की टपरीवरचा एखादा अर्धी कटिंग तशीच ठेवून मागच्या गल्लीत शिरतो, ती कल्टी. उधारी थकवून फोन बंद ठेवतो आणि घरी विचारायला गेलं तर आई 'गावाला गेलाय' सांगते, तो अंडरग्राउंड. ठाण्यातच वाढलोय, हे रोज कानावर पडतं. 'भूमिगत' या शब्दाला मात्र वेगळा मान आहे. १९४२ च्या लढ्यात अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफ अली भूमिगत राहून काम करत होते. उधारी बुडवणाऱ्याला तो शब्द लावलेला मला तरी खटकतो. एक सांभाळा: 'सुमडी', 'कल्टी' मित्रांत चालतं, ऑफिसात साहेबांसमोर किंवा घरच्या मोठ्यांपुढे नको.