स्क्विडचा नमुना ट्रॉलचा घ्यावा की गळाचा?

प्रश्न नागपुरातून एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी आलाय, म्हणून आधीच सांगतो: नागपूरच्या बाजारात बर्फातून येणारा माल सहसा आकारानुसार निवडलेला असतो. त्यावरून समुद्रातल्या माकुळांचं, म्हणजे स्क्विडचं, वय-आकारमान काढू नका.

आता साधनांचं. तळाच्या ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीने तळाजवळून ओढायच्या जाळ्यात, लहान पिल्लं जाळ्याच्या आसातून (छिद्रांतून) निसटतात, आणि मोठी, चपळ माकुळं जाळं येताना पाहून बाजूला होतात. शिवाय बऱ्याच जातींची माकुळं दिवसा तळाशी आणि रात्री वर असतात. त्यामुळे एकाच जागी दिवसा आणि रात्री जाळं ओढलं तर वेगळा आकडा मिळतो. संख्या बदललेली नसते, माकुळं फक्त वर गेलेली असतात.

रात्री दिवे लावून जिगने, म्हणजे काटेरी गळाने पकडलं तर उजेडाकडे येणारी, भुकेली आणि काट्याला धरता येतील एवढी मोठी माकुळंच हाती लागतात. अंडी घालून थकलेल्या माद्या त्यात कमी दिसू शकतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तर बारीक प्लवक-जाळंच लागतं.

शक्य असेल तर दोन्ही साधनांची आकडेवारी घ्या, पण प्रावाराच्या (माकुळाच्या धडावरच्या मांसल आवरणाच्या) लांबीचे आलेख वेगवेगळे काढा. एकत्र मिसळलेत की दोन शिखरं दिसतील आणि तुम्ही त्यांना दोन पिढ्या समजाल.