रशियन लढाऊ विमानं: वाचन कुठून सुरू करावं?
मित्रा, थेट मिग-२१ वर उडी मारू नकोस. आधी सोव्हिएत विमान-रचनाकार पोलिकारपोव्हचं आय-१६ नीट समजून घे. डिसेंबर १९३३ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. चाकं आत घ्यायला वैमानिकाला हाताने दांडा फिरवत बसावं लागे! हाताळायलाही फार अवघड. म्हणून यूटीआय-४ ही दोन आसनांची शिकाऊ आवृत्ती आली. लढाऊ आणि प्रशिक्षण विमानं जोडीनंच वाचावीत, असं मी आग्रहानं सांगतो ते यासाठीच. मिग-१५ सोबत मिग-१५यूटीआय हवंच.

नावांचंही बघ. ‘आय’ म्हणजे इस्त्रेबितेल, लढाऊ विमान. १९४० च्या अखेरीस रचनाकारांची नावं आली: मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच. मिग-१५ चं इंजिन मात्र ब्रिटिश रोल्स-रॉइस नीनवरून घडवलेलं.

मिग-२१ नंतर वाच. ती आपल्या नाशिकजवळ ओझरलाही बांधली गेली.