फोन तीस टक्क्यांवर बंद पडतो, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं 'नॉर्मल आहे'

या वेळी बॅटरीचीच पत्रं इतकी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेकांचं दुखणं एकच, फोन वॉरंटीत आहे, बॅटरी धड चालत नाही आणि काउंटरवरून हात हलवत परत यावं लागतं. तर उत्तरांच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. बॅटरी जुनी होणं वेगळं आणि बॅटरीत दोष असणं वेगळं. वॉरंटी दोषाला असते, जुनं होण्याला नसते, आणि समोरचा माणूस पहिल्या फटक्यात तुमची केस 'जुनी झाली' या खात्यात टाकून मोकळा होतो. ती तिथून बाहेर काढायची तर पुरावा तुमच्याच हातात पाहिजे.

ताई, फोन घेऊन आठ महिने झाले. ३० टक्के चार्ज असतो आणि कॅमेरा उघडला की फोन एकदम बंद. चार्जर लावला की लगेच २८-२९ टक्के दाखवतो, म्हणजे चार्ज संपलेला नसतोच. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याने दोन मिनिटं फोन हातात धरला, म्हणाला चालतोय की, अपडेट मारा. आता काय करू?

चार्जर लावल्यावर लगेच २८ टक्के दिसतात हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे, कारण अर्धं निदान त्यातच झालं. स्क्रीनवरचे टक्के म्हणजे आत किती चार्ज उरलाय याचा फोनने केलेला हिशेब असतो, पण फोन चालू राहतो तो व्होल्टेजवर. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल साधारण ४.२ ते ४.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि वापरत जाल तसा खाली येतो. बॅटरीचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढला की एरवी सगळं ठीक दिसतं, पण कॅमेरा, फ्लॅश, गेम असं काही एकदम जास्त करंट मागायला लागलं की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. लोड, म्हणजे करंटची ही जास्तीची मागणी, गेला की व्होल्टेज परत वर. म्हणून काउंटरवर नुसता स्क्रीन चालू करून बघणाऱ्याला काहीच दिसणार नाही, त्याला दिसावं असं तुम्हालाच काहीतरी न्यावं लागेल.

आधी एकदा फोन पूर्ण संपेपर्यंत वापरा, मग बंद ठेवूनच न थांबता १०० टक्के भरा. कधीकधी नुसता हिशेब चुकलेला असतो, तो याने जागेवर येतो. हे रोज करायचं नाही हं, एकदाच. आणि अपडेट बाकी असेल तर तेही करून टाका, म्हणजे पुढच्या वेळी तेच कारण सांगून परत पाठवता येणार नाही.

तरी बंद पडतोच आहे असं दिसलं तर चार-पाच दिवस नोंद ठेवा. साधीच, वहीत लिहिली तरी चालेल. 'मंगळवार, सकाळी १०:१५, ३४ टक्के, कॅमेरा उघडला, बंद. चार्जर लावल्यावर ३१ टक्के.' अशा सहा-सात ओळी झाल्या की चित्र स्पष्ट होतं. दुसऱ्या फोनवरून एक व्हिडिओ काढा, टक्के दिसतायत, कॅमेरा उघडला, बंद झाला, चार्जर लावला, परत टक्के दिसले, सगळं एका दमात आणि मध्ये कुठेही न कापता. या व्हिडिओपुढे 'चालतोय की' म्हणणं अवघड जातं.

मग बॅटरी हेल्थ, म्हणजे मूळ क्षमतेच्या किती टक्के उरलीये तो आकडा, आणि सायकलचा स्क्रीनशॉट. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली हेल्थ दिसतं, सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपमधून तपासणी करता येते, काही अँड्रॉइड फोनांत अबाउट फोनमध्ये बॅटरीची माहिती असते. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, आज ६० वापरले आणि उद्या ४० तर दोन दिवस मिळून एक सायकल. आता हे आकडे कसे वापरायचे ते बघा. अ‍ॅपल स्वतः सांगतं की आयफोन १४ आणि त्याआधीच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर, आणि १५ पासून पुढच्या १००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता टिकवतील अशा बनवल्यात. युरोपियन युनियनने तर २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनांना ८०० सायकलनंतर निदान ८० टक्के ही अटच घातलीये. तुमच्या फोनच्या २०० सायकल झाल्या असतील आणि हेल्थ ८० च्या खाली असेल तर याला जुनं होणं म्हणत नाहीत, हे तुम्ही शांतपणे बोलून दाखवू शकता. आणि हेल्थ ९५ दाखवत असूनही फोन बंद पडत असेल तरी घाबरू नका, क्षमता चांगली आणि रेझिस्टन्स वाईट असं होऊ शकतं, किंवा दोष बॅटरीत नसून बोर्डवर, म्हणजे फोनच्या आतल्या मुख्य सर्किटवर असेल, पण तेही वॉरंटीतच येतं ना.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जॉबशीट, म्हणजे फोन जमा करताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून देतं तो कागद. त्यावर 'बॅटरी प्रॉब्लेम' किंवा 'बॅकअप कमी' एवढंच लिहू देऊ नका. 'चार्ज शिल्लक असताना लोडवर फोन अचानक बंद होतो, ग्राहकाने व्हिडिओ दाखवला' असं वाक्य त्यांच्यासमोर उभं राहून लिहून घ्या. बॅकअप कमी म्हटलं की केस वापराच्या खात्यात गेलीच. फोन ठेवून घेत नसतील तर 'तपासला, दोष आढळला नाही' असं तरी लेखी मागा, तेही देत नसतील तर तिथूनच कंपनीच्या हेल्पलाइनला किंवा चॅटला लिहून तक्रार नंबर घ्या. तोंडी नकाराचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही. आज वॉरंटीत असलेला फोन तीन चकरांनंतर वॉरंटीबाहेर गेलेला असू शकतो, आणि तेव्हा पहिली तक्रार कोणत्या तारखेची हे दाखवणारा तोच एक कागद.

आईच्या फोनचं मागचं कव्हर एका बाजूने उचललं गेलंय, फट दिसते. फोन चालू आहे. ती म्हणते दाबून चिकटवून टाक. चालेल का?

नाही. अजिबात नाही. हे उत्तर वाचलं की पहिलं काम, चार्जिंग बंद, फोन स्विच ऑफ, आणि दाबायचा नाही.

बॅटरी फुगलीये. आतलं इलेक्ट्रोलाइट नावाचं रसायन बिघडून त्यातून गॅस तयार होतो, आणि फोनची बॅटरी पातळ पाऊचमध्ये बंद असल्याने तो पाऊच फुगतो. फुगायला लागली की तिला जागा लागते, मग कव्हर उचललं जातं नाहीतर स्क्रीन वर येते, स्क्रीनवर एका जागी फिकट डाग दिसतो, सपाट टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतो. अशी बॅटरी दाबली, वाकवली, टोचली तर आतले थर एकमेकांना टेकून शॉर्ट होऊ शकतो आणि मग आग. काहीजण फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात, तेही नको. उशीखाली नको, खिशात नको, उन्हात गाडीत तर नकोच. फरशीवर, पेट घेईल असं काही आजूबाजूला नसलेल्या जागी ठेवा. सूं असा आवाज, धूर किंवा उग्र गोडसर वास आला तर फोन वाचवायला जाऊ नका, माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

फोटोंचा बॅकअप राहिलाय म्हणून जीव अडकत असेल, समजू शकते, आईच्या फोनमध्ये काय काय असतं. फोन गार असेल आणि आहे तेवढ्या चार्जवर वायफायवरून बॅकअप होत असेल तर समोर बसून करा, गरम लागायला लागला की तिथेच थांबा. बॅकअपसाठी चार्जर लावायचा नाही.

आता वॉरंटी. इथे वाद ठरलेला असतो, फुगलेल्या बॅटरीने स्क्रीन किंवा काच आतून ढकलून तडकलेली असते आणि काउंटरवर म्हणतात फोन पडलाय, फिजिकल डॅमेज, वॉरंटी बाद. म्हणून न्यायच्या आधी चारही कडांचे जवळून फोटो काढा. कोपऱ्यांवर खड्डे नाहीत, ओरखडे नाहीत, फट सगळ्यात जास्त कुठे आहे, हे दिसलं पाहिजे. सिमच्या खाचेत टॉर्च मारून बघा, बऱ्याच फोनांत तिथे पाणी गेलं का ते दाखवणारी छोटी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की लाल होते. पांढरी असेल तर तिचाही फोटो. तक्रारीत 'बॅटरी फुगली आहे, सुरक्षिततेचा प्रश्न' हेच शब्द वापरा, कारण अशी तक्रार साध्या चार्जिंगच्या तक्रारींच्या रांगेत पडून राहता कामा नये. कुरियरने पाठवा म्हणाले तर आधी बॅटरीची अवस्था लेखी कळवा, खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला बंदी आहे.

आणि आईला सांगा, तिचं काही चुकलेलं नाही. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ बाजारातून परत घेतला, बदलून दिलेले फोनही पेटले, शेवटी ते मॉडेलच बंद केलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने स्वतः जाहीर केलं की दोष बॅटऱ्यांमध्येच होता. एवढ्या मोठ्या कंपनीच्या तपासणीतून खराब बॅटऱ्या सुटल्या, तेव्हा 'तुम्हीच काहीतरी केलं असेल' हे ऐकून घ्यायची गरज नाही.

वॉरंटी मागच्याच महिन्यात संपली आणि आता बॅटरी गेली. काही होऊ शकतं का?

दोन-तीन दारं ठोठावून बघा. बिलावरची तारीख आणि कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून दिसणारी तारीख कधीकधी वेगळी निघते, बिल दाखवून ती दुरुस्त करता येते. दुसरं, तुमच्या मॉडेलसाठी काही मोफत बदलायची योजना चालू आहे का ते कंपनीच्या साइटवरच शोधा. अशा योजना निघतात पण प्रत्येकाला फोन करून कोणी कळवत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ६एस अचानक बंद पडण्याच्या तक्रारींसाठी काढली होती, ती ठरावीक काळात बनलेल्या फोनांनाच होती, सिरियल नंबर टाकल्याशिवाय कळतच नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सल ४ए ला एक अपडेट देऊन काही फोनांची बॅटरी क्षमता कमी केली आणि त्यांना मोफत बॅटरी बदलायचा पर्याय दिला, तेव्हा तो फोन बाजारात येऊन चार वर्षं उलटली होती. आणि तिसरं, त्रास वॉरंटीत असतानाच सुरू झाला असेल आणि तेव्हा केलेल्या चॅटचा, मेलचा काही माग असेल तर तो जोडून अर्ज करा. आणि एक, काही कंपन्या बॅटरीला, चार्जरला फोनपेक्षा कमी मुदत देतात, तेव्हा कार्डवरची बारीक अक्षरं एकदा वाचाच.

ताई, मी कॉलेजला आहे, सर्व्हिस सेंटरवाले फोनचा पासवर्ड मागतायत. देऊ का?

नको देऊस. बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही. तपासणीसाठी फोन उघडा हवा म्हणाले तर सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सलमध्ये रिपेअर मोड, तो चालू केला की त्यांना फोन तपासता येतो पण तुझे फोटो, मेसेज दिसत नाहीत. आयफोन असेल तर फाइंड माय, म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, त्याबद्दल विचारतील, ते तू स्वतःच्या हाताने सेटिंग्जमधून कर, अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड कागदावर लिहून देऊ नकोस. तुझ्या फोनमध्ये असा मोड नसेल तर बॅकअप घेऊन फोन रीसेट करूनच दे, वेळ जातो पण नंतरची धाकधूक राहत नाही. सिम काढून घे, आणि *#०६# डायल करून येणारा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, जॉबशीटवरच्या नंबराशी तिथेच जुळवून बघ. फोन परत आला की पुन्हा बघ, कारण कधीकधी बोर्ड किंवा आख्खा फोन बदलून देतात, मग नवा नंबर कागदावर आला पाहिजे.

बाहेर बॅटरी बदलून घेतली तर वॉरंटी जाते का?

वॉरंटी चालू असताना बाहेर उघडू नका, एवढंच सांगते. कायदा जागोजागी वेगळा आहे, पण बाहेर उघडलेला दिसला की सर्व्हिस सेंटरला नकाराचं आयतं कारण मिळतं आणि मग भांडत तुम्हीच बसता. वॉरंटी संपली असेल तर बाहेर करायला हरकत नाही, फक्त जुनी बॅटरी परत मागा, नवीवर किती एमएएच (बॅटरीची क्षमता) लिहिलंय ते मूळ आकड्याशी ताडून बघा, त्याच आकाराच्या बॅटरीवर दीडपट आकडा छापलेला असेल तर ती घेऊच नका. आणि फोन वॉटरप्रूफ असेल तर उघडल्यावर ते सील नवं लावणार का हे विचारा. नव्या बॅटरीला किती दिवसांची हमी ते बिलावर लिहून घ्या.

अपडेटनंतर चार्ज अर्ध्या दिवसात संपतो. बॅटरी गेली का?

बहुतेक नाही. मोठ्या अपडेटनंतर फोन मागच्या मागे फोटो, फाइल्स परत चाळत असतो, अ‍ॅप नव्याने जुळवत असतो, दोन-तीन दिवस थांबा. मग बॅटरी युसेजमध्ये कोणतं अ‍ॅप सगळ्यात वर आहे ते बघा. एखादं अ‍ॅपच चार्ज खातंय असं दिसलं तर ते काढून टाकून एक दिवस वापरून बघा. कोणतंच अ‍ॅप जास्त खात नाहीये, फोन नुसता पडलेला असतानाही गरम लागतोय, रात्रभरात २०-२५ टक्के जातायत असं असेल तर मात्र झोपताना आणि उठल्यावर एकेक स्क्रीनशॉट घ्या आणि ते घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा. जॉबशीटवर काय लिहून घ्यायचं ते वर पहिल्या उत्तरात आहेच.