निळा दिवा लागलाय, पण पाणी शुद्ध झालं का?

प्रश्न : संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १७०वर येतं. प्युरिफायरमधला निळा दिवा लागलेला असतो. पाणी प्यायला हरकत नाही ना?

उत्तर : दिवा लागलाय, एवढ्यावरून काही ठरत नाही. जंतूंना निकामी करणारे अतिनील (यूव्ही) किरण २५४ नॅनोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे. आपल्याला दिसतो तो पाऱ्याच्या वाफेचा वरकड उजेड, आणि नळी मंदावली तरी तो दिसतच राहतो. हिशोब मात्रेचा असतो: किरणांची तीव्रता गुणिले पाणी त्यांच्यासमोर राहिलं तो वेळ. दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल ही सर्रास धरली जाणारी मात्रा. व्होल्टेज पडल्यावर तीव्रता घटते, पाणी मात्र त्याच वेगाने वाहत राहतं. मशीन बंद करून चोकवरचं लेबल वाचा. १७० त्यावरच्या इनपुट व्होल्टेजच्या मर्यादेत बसत असेल तर चोक नळीला सांभाळून घेतो. नुसतं २३० लिहिलं असेल तर स्टॅबिलायझर लावा आणि तोवर पाणी उकळून प्या. नळीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

प्रश्न : कळशी भरताना वीज क्षणभर गेली नि आली. पाणी ओतून द्यावं का?

उत्तर : वीज जाताच धार थांबली असेल, तर सोलेनॉइड व्हॉल्व्हने, म्हणजे वीज जाताच पाणी बंद करणाऱ्या झडपेने, काम केलं. धार चालूच होती? मग कळशी रिकामी करा. क्लोरीन पाण्यात थोडा उरतो आणि पुढेही राखण करतो. यूव्हीचं मागे काहीच उरत नाही. पेलाभर कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळलं की सगळंच संशयित. वीज आल्यावर नळीला दोन-तीन मिनिटं तापू द्या.

मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत हीच डोकेदुखी जास्त आहे. तिथले मध्यम दाबाचे (आतल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब घरच्या नळीपेक्षा जास्त असलेले) दिवे डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या विजेच्या झोक्यानेही विझतात आणि थोडे निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत. तेवढी मिनिटं पाणी अडवावं लागतं किंवा दिव्यांचा दुसरा संच तयार ठेवावा लागतो. नुसता जनरेटर असून भागत नाही, कारण तो सुरू होईपर्यंत दिवे गेलेले असतात.

प्रश्न : इन्व्हर्टरवर मशीन गुणगुणतं. चोकही जळला.

उत्तर : इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. त्यावर चोक तापतात. साइन वेव्हचा घ्या.

प्रश्न : वीज वाचवायला दर वेळी बटण बंद करतो. चालेल?

उत्तर : नळी साधारण ११ वॅटची, वाचणार ते किती! उलट प्रत्येक वेळी पेटताना तिची टोकं झिजतात. साधारण ८-९ हजार तास झाले की नळी लागत असली तरी बदला.