कोरियनमधले जोडशब्द पाठ करताय? आधी स्वर ऐका

अगं, आपल्या धडधड, लुकलुकसारख्या कोरियन नादशब्दांची यादी पाठ नको करूस, मीही आधी वह्या भरल्या आणि महिन्याभरात सगळं विसरले. जोडीने ऐक. लहान खडा पाण्यात पडला की फोंगदांग, आणि माणूसच धपकन पडला तर फुंगदॉंग. व्यंजनं तीच, फक्त ओ-आ चं उ-ऑ झालं आणि वस्तू एकदम मोठी, जड झाली. तसंच चांदणी बानच्चाक-बानच्चाक लुकलुकते पण वीज चमकते ती बॉनच्चॉक.

इथे आपण मराठी लोक हमखास फसतो, कारण आपल्या कानाला टिकटिक लहान आणि ठाकठोक मोठं वाटतं, म्हणजे आ आला की मोठं, आणि कोरियनमध्ये आ-ओ हेच हलके, छोटे, उजळ स्वर. हे एकदा डोक्यात फिट बसलं ना की अर्धं काम झालं.

मग व्यंजनं बघ. गोल फिरणं म्हणजे बिंगबिंग, जोर वाढला की घशात दाबून प्पिंगप्पिंग, अजून गरगर तर फिंगफिंग. फ मात्र ओठ मिटून, आपल्या फळातल्यासारखा, फॅनमधला नाही.

नियम सगळीकडे चालेल असं धरू नकोस हां. सशाच्या उड्यांचं कांगचुंग-कांगचुंग हलका आ आणि जड उ एकत्र घेतं, आधी ते कांगचोंग होतं पण 1988 च्या प्रमाणभाषेच्या नियमांत लोकांच्या तोंडातलंच रूप मान्य केलं, मला हे फार आवडतं.

आणि दुगुनदुगुन, म्हणजे छातीत धडधड, त्याचं क्रियापद दुगुनगॉरिदा, ते आजच वाक्यात वापरून बघ.